बिनआवाजाचं कॅबिनेट

३० ऑक्टोबर, गुरुवार

दिशाचा वाचनाचा नमुना परत आला. तिनं जेवताना ताटाकडं बघत सांगितलं.

पुण्यात एक संस्था आहे. अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. तिथं दिशाला घरून वाचायचं काम मिळण्यासारखं आहे. तिचा आवाज त्यांना आवडला, उच्चार तर फारच. पण वाचनामागं सतत घरघर येते, मुलं हेडफोन लावून ऐकतात, त्यांना ती टोचेल, असं त्यांनी कळवलं. घरघर आमच्या कॉम्प्युटरची. दिशा अकरावीत असताना तिच्या आईनं, रेश्मानं, तो बचत गटाच्या बायकांबरोबर पुण्याला जाऊन आणला होता.

अजून दोन नमुने पाठवता येतील. शेवटचा पाच डिसेंबरपर्यंत. तोही नापास झाला तर घरून काम नाही, बाणेरला त्यांच्या स्टुडिओत रोज हजर राहायचं. धरणाच्या या टोकावरून बाणेर रोज होणार नाही. मारुंजीला तिची एक मैत्रीण खोली घेऊन राहते, मग तिथं जावं लागेल.

मी म्हटलं, "पेटीचं मी बघतो."

पिरंगुटला जनरेटरच्या कॅनॉपी बनवणाऱ्या कारखान्यात मी टेस्टिंगला आहे. कॅनॉपी म्हणजे जनरेटरवर बसवायचं लोखंडी घर, आतून काळ्या फोमचं, आवाज बाहेर पडू नये म्हणून. सत्तावीस वर्षं मी एवढंच केलं आहे. कॉम्प्युटरची पेटी म्हणजे लहान कॅनॉपीच. मुलगी घरात राहावी एवढ्यासाठी जर पेटी शांत करायची असेल तर ते मला जमायला हवं.

रेश्मा जाऊन नऊ महिने होत आले. वर्षाचं होईपर्यंत घरात गोड करायचं नाही, म्हणून दिवाळीचा फराळ शेजारच्या धोंडामावशीनं आणून दिला. अजून डब्यात आहे. कारखान्याची ही डायरी दर साली रेश्मा वापरायची. यंदा कोरी राहिली म्हणून मी लिहितो.

ती गेल्यापासून घर फार शांत झालं आहे. दिशा बोलते तेसुद्धा अर्धा शब्द तोंडात ठेवून. पूर्वी असं नव्हतं. दुःखानं माणसाचा आवाज खाली जातो. यंदा रातकिडेही नाहीत. धरणाकाठच्या रिसॉर्टवाल्यांनी काही फवारलं असेल.

२ नोव्हेंबर, रविवार

काल विठ्ठलरावांकडून साउंड मीटर दोन दिवसांसाठी मागून आणला. ते आमचे सुपरवायझर. म्हणाले, "घरात जनरेटर घेतला का काय, वाल्मीक?"

"न्हाई. कॉम्प्युटर मोजायचाय."

"आता कॉम्प्युटरलाबी कॅनॉपी घाला," म्हणाले आणि सही केली.

मशिन मोजायचं तर आधी ते बंद ठेवून भोवतालचं मोजायचं, ही आमची पद्धत. पहाटे आंघोळ, देवपूजा झाल्यावर आतल्या खोलीत बसलो. तिथं भाताची पोती रचलेली आहेत आणि दिशानं भिंतींना आईच्या हातच्या गोधड्या टांगल्या आहेत. मीटर टेबलावर ठेवला. काटा आमच्या मीटरला नाही, आकडे येतात. आकडा आलाच नाही. तीस डेसिबलच्या खाली तो मोजत नाही, नुसती रेघ दाखवतो.

रेघेकडं बराच वेळ बघत बसलो. रेश्मा असताना या वेळी चहाचं भांडं, तिचा खोकला, दिशाला उठवणं, सगळं असायचं. तेव्हा मोजलं असतं तर पन्नास आलं असतं.

मग कॉम्प्युटर चालू केला. एक मीटरवरून शेहेचाळीस. घरघर मलाही स्पष्ट ऐकू आली. पंखे लहान आहेत, जोरात फिरतात, पत्रा पातळ, तो थरथरतो. रोग कळला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कारखान्याची सुटी. दिशाला घेऊन मोटरसायकलनं मारुंजीला गेलो. तिथं निषाद नावाच्या मुलाचं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान आहे. मुलगा म्हणजे तिशीचा असेल. भिंतभर पेट्या मांडलेल्या, निम्म्यांत रंगीत दिवे.

"बोला काका. आरजीबीमधे पाहिजे का प्लेन?"

"दिव्यांचं नको. आवाज न करणारं दाखवा."

त्यानं तीन कॅबिनेट काउंटरवर काढली. पेटीला हे लोक कॅबिनेट म्हणतात. पहिल्याचं तोंड सगळं जाळीचं. हवा छान खेळेल, पण आवाजही तेवढाच बाहेर. दुसऱ्याला एका बाजूनं काच. मी बोटाच्या पेरानं काच ठोकली. वाजली. पत्रा ठोकला, तोही डब्यासारखा वाजला.

निषाद म्हणाला, "काका, कलिंगड नाहीये ते."

दिशा हसली. तिला हसताना बघून बरं वाटायला पाहिजे होतं. मी तिसरं कॅबिनेट ठोकत होतो. ते काळं, साधं, समोर दार असलेलं. ठोकलं तर थप्प झालं, पुढं काही नाही. बाजूची झाकणं उतरवून पाहिली. आतून फोम चिकटवलेला, कडेपर्यंत नीट, कुठं फुगा नाही. पंखे मोठे, म्हणजे सावकाश फिरून तेवढीच हवा देणार. पायांना रबर. उचलून पाहिलं, चांगलं जड.

"पत्रा किती जाड? किती गेज?"

"गेज?" तो म्हणाला. "काका, सात वर्षं दुकान आहे माझं, गेज कोणी विचारला नव्हता. लोक विचारतात आयफोनसारखं दिसतं का."

मी त्याला दाराच्या कडेची फट दाखवली. हवेला आत यायला वाट पाहिजे आणि आवाजाला बाहेर जायला वाट नको. दोन्ही एकाच भोकातून जातात. म्हणून वाट वाकडी करायची. हवा वळणानं येते, आवाज वळणावर फोमला धडकून मरतो. या कॅबिनेटच्या दारामागं तसं वळण होतं. बनवणाऱ्याला काम कळत होतं.

निषाद म्हणाला, "काका, तुम्ही पार्ट टाइम येता का इथे? कस्टमर खुश होतील."

आतले भाग ठरवताना तो म्हणाला की जुना एसएमपीएस टाकून नवीन घ्या. एसएमपीएस म्हणजे घरची वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणारा डबा.

मी म्हटलं, "तो चालू हाय. राहू द्या."

"जुना झालाय, काका. बाकी सगळं नवीन टाकताय..."

"चालू वस्तू टाकायची न्हाई. रेश्मानं आणलेल्यातलं एवढं तरी राहू द्या."

रेश्मा कोण हे त्याला माहीत नव्हतं. दिशा खाली बघत काहीतरी बोलली, दुकानात लोक होते, मला कळलं नाही. मी मान हलवली. निषादनं नवा एसएमपीएस यादीतून काढला.

येताना खोकं मधे आणि दिशा मागं. पिरंगुट सोडल्यावर ती बराच वेळ काही बोलत होती. वाऱ्यात काही कळलं नाही. घरी आल्यावर तिचा चेहरा उतरलेला वाटला. दमली असेल.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या पाळीहून लवकर आलो. भात लावला आणि करपवला. दिशा म्हणाली, कुकरवर फोनचा गजर लावला होता, बाजूलाच वाजत होता. माझं लक्ष नव्हतं.

धोंडामावशी पडवीतून आत येऊन पुढ्यात उभी राहिली तेव्हा मी दचकलो.

"तीनदा हाक मारली. कुटं ध्यान असतंय रं?"

"हितंच हाय की, मावशी."

"हितं न्हाईस तू. तिच्याबरोबरच गेल्यासारखा हायेस. पोरीकडं बघ जरा. ती बोलतीया आन् तू भिंतीकडं तोंड करून बसतुयास. मी बगितलंय."

ती वाल ठेवून गेली. करपलेला भात आम्ही वरचा वरचा खाल्ला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कॅबिनेट जोडलं. सकाळी देवाला फूल वाहून सुरुवात केली, संध्याकाळी चार वाजता संपवलं. दिशा फोनवर व्हिडिओ लावून वाचून दाखवत होती, मी स्क्रू लावत होतो. तिचं वाचणं मला पुन्हापुन्हा विचारावं लागलं, शेवटी फोनच माझ्यासमोर धरला. नव्या बोर्डखाली पितळी खुंट्या लावल्या, पंख्यांना रबर दिलं. मागची जास्तीची भोकं कारखान्यातून आणलेल्या फोमनं बुजवली, हवेची तेवढी सोडली. जुना एसएमपीएस ब्रशनं साफ करून तळाशी बसवला.

बटण दाबलं. पंखे फिरताना दिसले. ऐकू काही आलं नाही.

मी दार बंद केलं, मग कान टेकवला. काही नाही. आमच्या कारखान्यात अशी कॅनॉपी झाली असती तर साहेबांनी पेढे वाटले असते. मीटर असता तर रेघ आली असती.

दिशाकडं पाहिलं. ती डोकं थोडं वाकडं करून उभी होती.

"शांत हाय का न्हाई?"

ती जरा थांबून म्हणाली, "शांत आहे, आप्पा." हे मोठ्यानं म्हणाली, म्हणून नीट ऐकू आलं.

मी हसलो असेन, कारण ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. रेश्माच्या दहाव्यानंतर तिनं असा हात ठेवला नव्हता.

आज समाधानानं झोपायला हरकत नाही. तसं समाधान वाटत नाही, पण काम नीट झालं आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिशा दोन दिवस नमुन्याचं वाचन करते आहे. डोक्याला ओढणी घट्ट बांधून बसते. थंडी पडू लागली आहे. काल आलो तर कॅबिनेट बंद आणि ती मागच्या परड्यात फोनसमोर वाचत होती. म्हटलं, एवढी खोली केली आणि बाहेर का? तिनं काहीतरी सांगितलं, हातानं उजेड दाखवला. उजेडासाठी असेल.

रात्री तिनं दुसरा नमुना पाठवला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नमुना परत. संस्थेनं लिहिलं आहे, घरघर पूर्ण गेली, अभिनंदन, पण आता वाचनामागं सलग बारीक शिट्टी आहे, ती घरघरीपेक्षा जास्त त्रास देते.

मी म्हटलं, त्यांचं काहीतरी चुकतंय. माइक खराब असेल. नाहीतर त्यांच्याच ऑफिसात शिट्टी वाजत असेल. मी कॅबिनेट परत चालू केलं, कान लावला, टॉर्चनं आत पाहिलं. शिट्टी कुठली? दिशाला म्हटलं, "तूच सांग, हाय का शिट्टी?"

ती दारात उभी होती. ओठ हलले.

"मोठ्यानं बोल की."

"जाऊ द्या, आप्पा," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं फळीवरची बॅग काढून पुसली. मैत्रिणीशी फोनवर बोलली. खोलीत एक खाट रिकामी आहे, एवढं मला नंतर सांगितलं. मी बरं म्हटलं. मला काही वाटलं नाही. जेवण नेहमीइतकंच गेलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कॅबिनेट गोधडीत गुंडाळून गावातल्या टेंपोनं मारुंजीला नेलं. दिशाला बरोबर नेलं नाही. निषादला दोन शब्द सुनवायचे मनात होते.

त्यानं काउंटरवर ठेवून पॉवर दिली. लगेच म्हणाला, "हां. येतोय की."

"काय येतंय?"

"शिट्टी. बारीक. डास कानात शिरल्यासारखी."

मला वाटलं चेष्टा करतो. दुकानात एक बाई लॅपटॉप घेऊन बसली होती, उत्तरेकडची. तीच म्हणाली, "भैया, इसको बंद करो ना, सर दुखता है."

मी पुढं होऊन कान टेकवला. लोखंड गार होतं. बाकी काही नव्हतं.

निषाद माझ्याकडं बघत होता. मग त्यानं आपला फोन काढला. म्हणाला, "काका, यातून आवाज काढतो. आधी जाड, मग बारीक. येतोय तोपर्यंत हात वर ठेवा."

हात वर धरून मी शाळेतल्यासारखा बसलो. घुं असा आवाज आला, तो चढत गेला, मग थांबला. मी हात खाली घेतला. निषादनं फोन बंद केला नव्हता. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो आणि ती बाई दोन्ही कानांवर हात ठेवून बसली होती.

"बंद कर," मी म्हटलं.

त्यानं बंद केला. चहा मागवला. म्हणाला, "बारीक आवाज आधी जातात, काका. माझ्या आजोबांचं तसंच झालं. ते म्हणायचे घरातले सगळे पुटपुटतात."

मग त्यानं कॅबिनेट उघडून दाखवलं. शिट्टी एसएमपीएसच्या आतल्या कॉइलची. ती आधीपासून असणार, जुन्या पंख्यांच्या घरघरीत दबलेली. मी घरघर काढली आणि ती उघडी पडली. कॅबिनेट चांगलं आहे, म्हणाला, तुम्ही निवडलेलं एकदम बरोबर आहे.

नवा एसएमपीएस घेतला. बसवायला तिथं थांबलो नाही.

टेंपोत एवढं लक्षात आलं की दिशाला तेरा तारखेपासून शिट्टी ऐकू येत होती. मी विचारलं तेव्हा तिनं शांत आहे म्हणून सांगितलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गेली सहा वर्षं कारखान्यात दरवर्षी डॉक्टरांची गाडी येते. काचेच्या खोलीत बसवून कान तपासतात, कागदावर सही घेतात, एक प्रत देतात. मी प्रती लॉकरमध्ये टाकत आलो. आज काढल्या. सहा आहेत. प्रत्येकावर एक रेघ, डावीकडून सरळ येते आणि उजवीकडं खाली उतरते. दरवर्षी थोडी आणखी खाली. सहाही कागदांवर माझी सही आहे.

विठ्ठलरावांना दाखवल्या. ते म्हणाले, "तुला किती वेळा सांगितलं, कानात बोळे घाल. तू काय म्हणायचास?"

मी म्हणायचो, बोळे घातले तर इंजिन ऐकू येत नाही. बेअरिंगचा आवाज ओळखायचा तर कान मोकळे पाहिजेत. मला त्याचा अभिमान होता.

माझ्याबरोबर टेस्टिंगला असलेला माऊली ओरडून म्हणाला, "आपल्यात सगळेच बहिरे हायेत. म्हणून तर आपली भांडणं होत न्हाईत." कारखान्यात सगळे ओरडूनच बोलतात. तिथं मला कधी काही कमी पडलं नाही.

बसमध्ये विचार करत होतो. तीन वर्षांपूर्वीच्या कागदावरही रेघ बरीच खाली आहे. तेव्हा रेश्मा होती. तेव्हा मला घरात सगळं कळायचं. कसं कळायचं? दिशा काही बोलली की रेश्मा माझ्याकडं वळून परत सांगायची. "अहो, ती म्हणतीया उद्या परीक्षा हाय." "अहो, दूधवाला आलाय." मला वाटायचं तिला दोनदा बोलायची खोड आहे. एकदा मी तिला तसं बोललोही होतो.

ती गेली आणि घर शांत झालं. शोक करणाऱ्याभोवती देव शांतता ठेवतो, असं मी मनाशी धरलं होतं. रोज सकाळी त्याबद्दल हात जोडत होतो. माझ्या कानांचं मी देवावर घातलं.

आज पूजा केली. काय म्हणायचं ते सुचलं नाही. दिवा लावून उठलो.

३० नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस सांगता आलं नाही. आज कामावरून आल्यावर दिशासमोर सहाही कागद ठेवले. ती भाकरी थापत होती, हात पुसून बघितले.

मी म्हटलं, "शिट्टी हाय. मला येत न्हाई. बारीक काहीच येत न्हाई."

ती बराच वेळ काही बोलली नाही. खरंच बोलत नव्हती ना, हे मी तिच्या ओठांकडं बघून ठरवलं. तव्यावरची भाकरी जळली. तिनं गॅस बंद केला आणि माझ्यासमोर येऊन खाली बसली.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम गप्प बसत नव्हता?"

"कवा?"

"दसऱ्यापासून. मी तीनदा विचारलं तुम्हाला. एकदा हितंच, भाकरी करताना. एकदा परड्यात. एकदा गाडीवर, कॅबिनेट आणलं तेव्हा."

"काय विचारलं?"

"मी हितं राहिलेलं तुम्हाला पाहिजे का. का मला बघून तुम्हाला आईची आठवण येऊन त्रास होतो." ती मोठ्यानं बोलत होती, शब्द सोडवून, वाचायला बसते तशी. "तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, नको म्हणवत नाही म्हणून गप्प आहेत. मग मी मैत्रिणीला खोलीचं विचारलं."

मी म्हटलं, "मग कॅबिनेट कशासाठी केलं म्या?"

"मला वाटलं, काहीतरी करत राहायचं म्हणून करताय. तुम्ही त्याच्याशीच बोलत होता."

"आन् शिट्टीचं का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही हसला होता त्या दिवशी."

तेवढ्यात धोंडामावशी जळकट वास आला म्हणून बघायला आली. तिला दिशानं कागद दाखवले. मावशी म्हणाली, "येवढे कागुद कशाला? मला इचारायचं. मी शिमग्यापासनं सांगतीया ह्यो बहिरा हाय म्हणून." खरंच सांगत असेल.

मावशी गेल्यावर दिशा पुन्हा भाकरीला लागली. तिनं विचारलेल्याचं उत्तर द्यायचं राहिलं. तोंडाशी आलं नाही. मनात आलं, नमुना पास झाला तर ती आपोआप राहील, मग सांगायची गरज पडणार नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

आज दत्तजयंती. देवळात जाऊन आलो आणि मग कॅबिनेट उघडलं. जुना एसएमपीएस काढताना चार स्क्रूंपैकी एक फिरेना. दिशा म्हणाली, मी काढू का? मी म्हटलं, नको. काढला. हातात घेतल्यावर तो नुसता डबा होता.

नवा बसवला. पॉवर द्यायच्या आधी मी बाजूला झालो. म्हटलं, "टेस्टिंग तू कर. मी सांगशील ते फिरवतो."

तिनं एक मीटरवरून ऐकलं, मग जवळून, मग डोकं आत घालून. माझं बघून बघून पद्धत तिला माहीत झाली आहे. आधी बंद ठेवून, मग चालू करून. मला तिचा चेहरा तेवढा वाचायचा होता. ती वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "शिट्टी गेली. पण मागचा पंखा टिकटिक करतोय."

मी पंख्याच्या चौकटीवर बोट ठेवलं. टिकटिक बोटाला लागली. एक वायर पात्याला घासत होती. ती बांधली.

"आता?"

ती हात वर करून थांबली. मी श्वास रोखला. मला आत्ता आणि मघाशी यात काही फरक नव्हता. मग तिनं हात खाली घेतला आणि मान हलवली.

दुपारभर वाचून तिनं संध्याकाळी शेवटचा नमुना पाठवला. दोन्ही झाकणांचे स्क्रू मी हातानं पुन्हा एकदा आवळले.

८ डिसेंबर, सोमवार

सुटी टाकून पौडला कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. माऊलीनं नाव दिलं होतं. गेलेलं परत येत नाही, म्हणाले. यंत्र लावलं तर बोलणं स्पष्ट होईल. पुढच्या महिन्यात बोलावलं आहे. संस्थेकडून काही नाही. बॅग अजून खाटेखाली भरलेली आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

नमुना पास झाला.

दिशानं सकाळी फोन माझ्यासमोर धरला, मी वाचावं म्हणून. आवाज स्वच्छ आहे, चौथीच्या पुस्तकापासून सुरुवात करा, असं लिहिलं होतं. त्याखाली आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या स्टुडिओतही एक जागा रिकामी झाली आहे. घरून वाचायचं का बाणेरला येऊन, तुम्हाला सोयीचं ते सोमवारपर्यंत कळवा.

म्हणजे आपोआप काही झालं नाही.

मी वाचून फोन परत दिला. "चांगलं झालं," म्हटलं. ती माझ्या तोंडाकडं बघत थोडी थांबली. मग आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. पहिला धडा वाचायला घेतला असणार.

मी पडवीत बसलो. खाचरं आता मोकळी झाली आहेत. आत ती वाचत होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं. तिनं चौथ्यांदा विचारलं नाही. विचारणार नाही. तीनदा विचारणं पुष्कळ झालं. मी जपाची माळ घेतली होती, ती तशीच हातात राहिली. देवाला काय मागायचं ते मला पक्कं माहीत होतं, आणि ते देवाला सांगायचं नव्हतं.

उठलो. दार ढकलून आत गेलो. ती माइकसमोर बसून वाचत होती, माझ्याकडं पाठ. मी पोत्यांच्या बाजूनं फिरून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिचे ओठ मधेच थांबले.

मी म्हटलं, "तू हितं राहा. मला पाहिजे."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पडद्याकडं बोट केलं. तिथं हिरवी रेघ सपाट पळत होती. त्या सपाट भागाआधी, माझ्या बोलण्याएवढ्या जागी, रेघ वरखाली होऊन चौकटीला लागली होती. रेकॉर्डिंग चालूच होतं.

"धडा बिघडला का?"

तिनं हेडफोन काढून माझ्या कानांवर घातले आणि आवाज पूर्ण वर केला. आधी तिचं वाचन आलं, अर्धं वाक्य, मग थोडी मोकळी जागा, मग माझा आवाज. केवढ्यांदा बोललो होतो. पण त्याच्यामागं दुसरं काही नव्हतं. प्रत्येक शब्द सुटा होता.

हेडफोन उतरवले तर तिचे डोळे भरलेले.

"एवढ्या मोठ्यानं?" मी विचारलं.

"तुम्ही हल्ली असंच बोलता," ती म्हणाली. तोंड माझ्याकडं करून म्हणाली, त्यामुळं समजलं.

तिनं तो तुकडा पुसला नाही. वेगळा काढून ठेवला आणि नवीन फाइल उघडली. मग मला बोटानं दार दाखवलं. माझा श्वास मोठा आहे, माइकमध्ये येतो, म्हणाली.

मी बाहेर आलो. दार ओढताना कडी हातात धरून ठेवली, वाजू नये म्हणून. वाजली असती तरी मला कळलं नसतं. तिला कळलं असतं.

ती धडा पहिल्यापासून वाचते आहे.